तिसऱ्या मजल्यावरची बैठक

२१ सप्टेंबर

प्रिय भाऊजी,

तुमचं कार्ड पोचलं. जाड कागद, सोनेरी कड, आणि वर माझं नाव इतक्या वळणदार अक्षरात की मला वाटलं दुसऱ्या कुणाचं टपाल आपल्या दारात पडलं. कुणाकडून लिहून घेतलंत? तुमच्या हातची चिठ्ठी वाचायची तर तुमच्याच दुकानातला चष्मा लागतो.

कार्ड माझ्या हातात यायच्या आधी तुमच्या दादांच्या हातात गेलं, हे वेगळं सांगायला नको. उभी नोकरी बस डेपोत माईकवरून गाड्या पुकारण्यात गेली, त्यामुळे छापलेलं काही दिसलं की मोठ्यानं वाचायचं ही सवय आता जायची नाही. जिन्यात उभे राहून, खालच्या काकूंनाही ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी वाचलं की संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्या मजल्यावर, निवडक गायकांची बैठक आहे आणि आपण अवश्य यावे. मग कार्डाची घडी घालून म्हणाले, "धाकट्यानं बोलावलंय. जायला हवं." घरात आलेलं बोलावणं घरातल्या सगळ्यांना असतं, असा त्यांचा साधा हिशोब. तेव्हापासून तयारी चालू आहे.

आता मला एवढंच सांगा की ही निवडक बैठक काय भानगड आहे. आपलं अवकाशकथांच्या चाहत्यांचं संमेलन, त्यात चांगली पोक्त माणसं पत्र्याची डोकी घालून हॉटेलभर फिरतात, आणि दुपारनंतर आपण सगळे तळमजल्याच्या हॉलमध्ये गोल बसून आपापली रचलेली गाणी म्हणतो. यानं, ग्रह, रोबो, काय वाट्टेल ते. ज्याच्या हातात टॉर्च त्याची पाळी. त्यानं गावं, नाहीतर वर्तुळातल्या कुणाकडे तरी गाणं मागावं, नाहीतर टॉर्च मुकाट्यानं पुढे द्यावा. इतकी वर्षं हेच चाललंय आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. आता एकदम तिसरा मजला आणि सोनेरी कड? तळमजल्यावर हवा कमी पडते का?

उत्तर कागदावर लिहा आणि घरी नको, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवा. फोनवर काही पाठवलंत तर हे वाचून दाखवतील, आधी काकूंना आणि मग मला.

तुमची,
अचानक निवडली गेलेली वहिनी


२९ सप्टेंबर

वहिनी,

आधी नमस्कार, मग सारवासारव. अक्षर दुकानातल्या मुलीचं आहे, कबूल.

तुला खोलात जाऊन सांगतो. मागच्या वर्षी हॉलमध्ये किती माणसं होती आठवतंय ना? टॉर्च एकदा हातातून गेला की परत येईपर्यंत माणूस जेवून, झोपून, गाढ घोरून उठावा. त्यात कुणी टेबल बडवतंय, कुणी मधूनच टाळ्या, परग्रहवासी बनून आलेल्या शिंगंवाल्यांचा तो घोळका दारातून आत-बाहेर. ज्यांना गाणं नीट ऐकायचं आहे आणि नीट ऐकवायचं आहे, त्यांनी काय करायचं? म्हणून आम्ही चारपाच जणांनी ठरवलं की एक लहान खोली घ्यायची, मोजक्यांना बोलवायचं आणि शांतपणे गायचं. दातांच्या डॉक्टरीण आहेत, बासरीवाले आहेत, मी गिटार घेऊन आहेच. पहिलं नाव तुझं निघालं, आणि ते मी सुचवलेलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनी सुचवलं. तुझं ते चंद्रावरच्या दिवेवालीचं गाणं आजवर कुणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत धड ऐकलेलंच नाही, असं त्या म्हणाल्या. खोटं आहे का सांग.

दादाबद्दल म्हणशील तर मला त्याचीच काळजी वाटते. खोली अगदी लहान आहे, खुर्च्या मावत नाहीत. लिफ्टचा भरवसा नाही आणि त्याचे गुडघे तर तुला माहीतच आहेत. शिवाय टॉर्च त्याचा. डेपोतून आणलेला तो लाल काचेचा टॉर्च त्याच्याशिवाय कुणी सांभाळेल असं मला वाटत नाही. दादा वर आला तर तळमजल्याचं वर्तुळ कोण चालवणार? हे त्याला तू तुझ्या पद्धतीनं समजावलंस तर बरं. तुझं तो ऐकतो.

तुझा,
चष्मेवाला दीर


४ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

काळजी मिटली, असं समजा.

खोली लहान आहे म्हणालात, म्हणून ह्यांच्यासाठी घडीचं स्टूल काढलं. मासे पकडायच्या नादात घेतलेलं, मासा एकही न पाहिलेलं. ते कुठेही मावतं. गुडघ्यांचं म्हणाल तर मी ह्यांना स्कूलच्या इमारतीचे जिने चढायला लावले, वर खाली, वर खाली. शिकाऊ पोरं गाडी सोडून बघत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावर पोचून ह्यांनी खिडकीतून पुकारा केला की आपण पोचलो आहोत, आणि तो रस्त्याच्या पलीकडच्या न्हाव्यानंही ऐकला. तेव्हा लिफ्ट चालो न चालो. टॉर्चही सोबत घेऊ, वरच्या लोकांनाही फिरवू दे.

रियाझाचं मात्र काही कळत नाही. रोज संध्याकाळी हे आतल्या खोलीचं दार लावून बसतात. मी स्वयंपाकघरात कान देऊन असते, पण आवाज म्हणून येत नाही. ज्या माणसाचं खोकणं चौकात ऐकू जातं, त्याची खोली शांत. कालपासून तोंडात लवंग असते. घशाला बरी पडते म्हणे. माझी खात्री आहे की त्या मालवाहू यानाच्या गाण्याला नवीन कडवी जोडणं चाललंय. आत्ताच ते गाणं इतकं लांब आहे की त्यातलं यान सुटायच्या आत खरंखुरं एखादं सुटेल. गाण्यातल्या यानाचं इंजिन प्रत्येक कडव्यात बंद पडतं, आणि मग प्रवाशांना उतरवून सगळ्यांनी म्हणायचं,

धक्का मारा, धक्का मारा, यान अजून गार आहे.

तर मुद्द्याचा प्रश्न असा, की तुमच्या शांत बैठकीत हे आधी गातील की शेवटी? म्हणजे मी त्याप्रमाणे लवंगा भरून ठेवते.

तुमची,
वहिनी


११ ऑक्टोबर

वहिनी,

तू माझा जीव घेणार आहेस. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला लावून दिला.

खरं सांगतो. दादाला बोलावलेलं नाही. कार्ड फक्त तुझं होतं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या की एकतर ते येतील नाहीतर मी. बासरीवाल्यांनी नुसती बासरी डब्यात ठेवली, यावरून काय ते समज. आणि मी? माझा सख्खा भाऊ आहे, लहानपणी ह्याच्याच खांद्यावर बसून मी पहिल्यांदा संमेलन पाहिलं, आणि मीही मान हलवली. दादाचा सूर कुठल्या गाडीनं गेला ते डेपोलाही सापडलेलं नाही, हे आपण घरात हसत हसत म्हणतो. बाहेरच्या माणसानं म्हटलं तेव्हा मला हसू आलं नाही, आणि तरीही मी मान हलवली.

पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मागच्या वर्षी टॉर्च तुझ्याकडे आला तेव्हा मी बरोबर समोर बसलो होतो. तू दिवेवालीचं गाणं सुरू केलंस. दुसऱ्या कडव्यात दादा तुझ्यात सामील झाला. त्याला राहवतच नाही, तुझं गाणं त्याला इतकं आवडतं. तिसऱ्यात तर तुझा आवाज ऐकूच येईना. तू थांबलीस, हसलीस, आणि टॉर्च पुढे दिलास. सगळे हसले. मी तुझा चेहरा बघत होतो. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांतच बघत असतो, मला कळतं. तुला गाणं पुरं करायचं होतं.

ही बैठक तिथूनच सुरू झाली. बाकीची कारणं खरी आहेत, पण ती नंतर जोडलेली आहेत. आता तू सांगशील तसं. सगळंच रद्द करू का?

तुझा,
दीर


१८ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

रद्द करू नका.

तुम्ही कबूल केलंत म्हणून मीही करते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलंय की हे निमंत्रण एकाच व्यक्तीसाठी आहे. ह्यांनी जिन्यात ते वाचलं नाही, घडीत गेलं असावं. मी वाचलं आणि कार्ड कपाटात साड्यांखाली ठेवलं. मग तुम्हाला स्टुलाची आणि जिन्यांची पत्रं लिहीत बसले. तुमची फजिती बघायला मजा येत होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. तुम्ही चिडून, कंटाळून, 'आणा बुवा दादाला' असं म्हटलं असतंत तर माझी सुटका झाली असती. मग मला निवडावं लागलं नसतं.

मला यायचं आहे, भाऊजी. एकटीला यायचं आहे. हे लिहितानाही आजूबाजूला कुणी नाही ना, हे मी दोनदा पाहिलं, आणि ऑफिसात माझ्याखेरीज फक्त रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आहे. ते गाणं मी गाडीत रचलं, शिकाऊ लोक सिग्नलला थांबायचे तेवढ्या तेवढ्या वेळात. ते एकदा, एकदाच, कुणी मध्ये न येता म्हणावं असं मला वाटतं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसलं की माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तसा घरात कधीच नव्हता, आणि मला तो हवाही नव्हता. ह्यांच्यावर ब्रेक दाबायचा म्हणजे ह्यांना थांबवायचं, आणि हे थांबले की घरात उरतं काय?

तुमच्या बैठकीला मी नावं ठेवणार आहे, त्यात फरक नाही. मी पहिल्यांदा संमेलनाला आले ती नवऱ्याचा डबा घेऊन. मला गाता येतं हे मलाही माहीत नव्हतं. टॉर्च फिरत फिरत माझ्या हातात आला आणि तो पुढे देता येतो हे न कळून मी गायले. तळमजल्यावर दार उघडं होतं म्हणून. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशी मला कुणी बोलावलं असतं? पुढची जी कोणी डबा घेऊन येईल तिला कोण बोलावणार? याचं उत्तर डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवा.

आणि ह्यांना तुम्ही सांगा. तुम्ही सख्खे भाऊ, मी परक्या घरून आलेली. असं एरवी मी म्हणत नाही, आज सोयीचं आहे म्हणून म्हणते.

तुमची,
वहिनी


२५ ऑक्टोबर

वहिनी,

काल दादाला फोन केला. मनाशी वाक्यं पाठ करून केला. त्यानं फोन उचलल्याबरोबर विचारलं, दुकान कसं चाललंय. मग नव्या फ्रेमा कशा तकलादू येतात यावर आम्ही बराच वेळ बोललो. मग तो म्हणाला, लवंग चावल्यानं दाढ दुखते का, तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना विचार. मी विचारतो म्हणालो. फोन ठेवला.

माझ्याच्यानं होत नाही. परक्या घरून आलेली असशील, पण धीट तूच आहेस. शिकाऊ ड्रायव्हरच्या शेजारी बसून पोट भरणाऱ्या बाईला एका निवृत्त घोषणाकाराची भीती वाटते, हे कुणाला पटेल? तू सांग. नाहीतर दारात मी उभा राहतो आणि वेळेला जे सुचेल ते बोलतो. मला काही सुचणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

डॉक्टरीणबाईंना तुझा प्रश्न विचारला. म्हणाल्या की त्याही अशाच आल्या होत्या, बहिणीला पोचवायला.

तुझा,
दीर


१८ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

संमेलन झालं, आपण दोघं समोरासमोर भेटलो, आणि तुम्ही मला टाळत होता हे मला कळलं. बसमध्ये चढवायला आलात तेव्हाही नजर पिशव्यांवर. म्हणून पुन्हा कागद.

आधी जे झालं ते तुम्हाला सांगते, कारण वरून ते निम्मंच दिसलं असणार. मी ह्यांना काहीही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत हॉटेलात पोचलो. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी उगाच पिशवी उघडत होते, मिटत होते. तेवढ्यात हेच म्हणाले, "तू जा वर. मी खाली बसतो. टॉर्च दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा?" असं अगदी सरळ, स्वेटरची बटणं लावता लावता. रागानं नाही, रुसून नाही. हे हॉलकडे गेले आणि मी जिना चढले.

भाऊजी, तुमची बैठक सुंदर होती. मला नावं ठेवायची होती आणि जागा सापडली नाही. त्या खोलीत पडदे ओढलेले होते, गालिचा होता, आणि कुणी गायला लागलं की बाकीचे नुसते बसायचे. मी डोळे मिटून दिवेवालीचं गाणं म्हटलं. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. शेवटच्या ओळीनंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हललंही नाही, आणि मग डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. माझं गाणं एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. मी फार आनंदात होते, हे लिहूनच टाकते.

पण दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. एक तुमची. मी दुसऱ्या कडव्यात होते तेव्हा दार वाजल्यासारखं झालं. डोळे किलकिले करून बघितलं तर तुम्ही बाहेर निघून गेलात, ते गाणं संपल्यावरच परत आलात. माझ्यासाठी बैठक भरवायची आणि माझ्याच गाण्याला उठून जायचं, ही कुठली तऱ्हा? फोन आला असेल तर तसं सांगा, मी रुसणार नाही, म्हणजे थोडीच रुसेन.

दुसरी ह्यांची. मी खाली आले तर हे हॉलमध्ये टॉर्च घेऊन बसलेले होते. शिंगंवाल्यांपैकी एका लाजऱ्या मुलाकडे गाणं मागत होते. त्याचं झाल्यावर टॉर्च पुन्हा ह्यांच्याकडे आला आणि ह्यांनी तो पुढे दिला. भाऊजी, ह्यांनी टॉर्च पुढे दिला. रोज संध्याकाळी दार लावून रियाझ केला, लवंगांची पुडी संपवली, आणि यानाचं गाणं म्हटलंच नाही. घरी आल्यापासून फोनवरचे निरोपही मनातल्या मनात वाचतात. काकूंनी येऊन विचारलं, बरं नाही का? मला वाटतं ह्यांना सगळं कळलं आहे आणि आतून लागलं आहे. माझ्यामुळे लागलं आहे. मी गायले ते चांगलं गायले, पण ते ह्यांच्या बदल्यात गायले असं आता वाटतं. असं असेल तर मला पुन्हा कार्ड पाठवू नका.

तुमची,
वहिनी


२४ नोव्हेंबर

वहिनी,

मी शब्द दिलाय की तुला हे सांगणार नाही. पण तुझं पत्र वाचल्यावर तो पाळणं म्हणजे वेडेपणा आहे. शब्द मोडतो, आणि मोडल्याचं त्याला तू सांगणार नाहीस असा तुझ्याकडून घेतो.

तू दुसऱ्या कडव्यात होतीस तेव्हा बाहेरून कुरकुर ऐकू आली. मला वाटलं शिंगंवाले आले. त्यांना हाकलायला म्हणून बाहेर गेलो आणि दार मागे ओढून घेतलं. बाहेर दादा होता. दाराला लागून, तुझ्या त्या माशांच्या स्टुलावर. तोंडात रुमालाचा बोळा कोंबलेला. मला पाहिल्यावर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. दादानं. मला. मी जन्मल्यापासून हे उलट चाललेलं आहे.

मी शेजारी जमिनीवर बसलो. दार पातळ होतं, सगळं ऐकू येत होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो स्टुलाची कड घट्ट धरायचा, सूर लावायची हुक्की येत होती ना, ती दाबायला. गाल फुगलेले, डोळे भरलेले. तुझी शेवटची ओळ झाली. मग त्यानं रुमाल काढला आणि हळू आवाजात बोलला. वहिनी, त्याला हळू आवाज आहे. चांगला आहे.

तो म्हणाला, "इतकी वर्षं हिचं गाणं मी माझ्याच आवाजाखालून ऐकत आलो. आज नुसतं ऐकलं."

कार्डावरची ती बारीक ओळ त्यानं पहिल्याच दिवशी वाचली होती. डेपोत जन्म काढलेला माणूस, सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. नेमकी तेवढी ओळ जिन्यात मोठ्यानं वाचली नाही, कारण ती वाचली असती तर तू जायचं नाकारलं असतंस. मग म्हणे, येतो म्हणत राहू, म्हणजे हिला माझ्याशी त्यावर बोलावं लागणार नाही, आणि आयत्या वेळी आपणच खाली जाऊ. आणि तो रियाझ. मागच्या वर्षीचं हॉलमधलं तुझं अर्धं गाणं फोनवर आहे ना, ते कानाला लावून तो रोज बसायचा. न गाण्याचा रियाझ. आधी लवंगेनं जमेना, म्हणून रुमालावर आला. जिने चढायला तू लावलेस तेव्हा त्याला बरंच वाटलं, कारण लिफ्टचा आवाज होतो.

मी त्याला विचारलं की टॉर्च हातात आल्यावर तू वहिनीकडे गाणं कधीच कसं मागितलं नाहीस. बाकी सगळ्यांकडे मागतोस, मग बायकोकडे का नाही? तो म्हणाला की मागितलं की ती गाणार, आणि ती गायला लागली की मी गप्प बसणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मागायचोच नाही.

मग तो स्टूल मिटून खाली गेला, तू यायच्या आत वर्तुळात पोचायला. गुडघे दुखत होते, कठड्याला धरून उतरला. मी आत आलो आणि तुला टाळत राहिलो, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर सगळं सांगून बसलो असतो.

तेव्हा तो दुखावलेला नाही. माझ्या मते त्याला नुसतं ऐकायची चटक लागली आहे. पण ती घरात फार दिवस टिकू देऊ नकोस, काकूंना सवय नाही.

तुझा,
दारातला दीर


१ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि नंतरच्या शिकवणीला गेले. मुलीनं चढावर गाडी बंद पाडली, मागे रांग लागली, आणि मी ब्रेक धरून नुसती बसून राहिले. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही रडताय का, मी एवढं वाईट चालवते का? तिला सांगितलं की उत्तम चालवतेस.

ह्यांना मी काही बोलले नाही. दिलेला शब्द पाळला. संध्याकाळी हे चहा घेत बसले होते, वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचत. मी ड्रॉवरमधून टॉर्च काढला आणि समोर खुर्ची ओढून बसले. दोघांचंच वर्तुळ, पण नियम तो नियम. टॉर्च माझ्या हातात होता, तेव्हा पाळी माझी. म्हटलं, "मी गात नाही. मी मागते. यानाचं गाणं, सगळी कडवी."

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. म्हणाले, काकू झोपल्या असतील. दिवेलागण होत होती, काकू कशाला झोपतील. मग गायले. भाऊजी, एकही नवीन कडवं जोडलेलं नाही, पण आहेत ती सगळी म्हटली. प्रत्येक कडव्यात इंजिन बंद पडलं आणि प्रत्येक वेळी आम्ही दोघांनी धक्का मारला, टेबलाला. कप बशीतून घसरला. खालून काकूंनी छताला काठी लावली, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्या ठेक्यात लावतायत.

गाणं संपल्यावर ह्यांनी टॉर्च हातात घेतला. मग दिवेवालीचं गाणं मागितलं. माझ्याकडे पहिल्यांदाच मागितलं. मी सुरू केलं तर ह्यांचा हात खिशात गेला, रुमालाकडे. मी तो हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या कडव्यात हे सामील झाले. तिसऱ्यात माझा आवाज मला ऐकू येईना. पण मी थांबले नाही, शेवटच्या ओळीपर्यंत गेले, आणि हे कुठल्यातरी दुसऱ्याच सुरातून माझ्याबरोबर शेवटपर्यंत आले.

तुमची बैठक चालू ठेवा. गाणारे तुम्ही निवडा, त्यावर मी आता भांडत नाही, मला ती खोली आवडली आहे आणि पुढच्या वर्षी मी येणार आहे. पण कार्डावरची ती शेवटची ओळ काढून टाका आणि तिथे छापा की दार उघडं राहील आणि बाहेर खुर्च्या मांडलेल्या असतील, ज्याला ऐकायचं त्यानं यावं. डबा घेऊन आलेल्या बाईलाही बसता आलं पाहिजे. आणि बैठक संपली की डॉक्टरीणबाईंसकट सगळ्यांनी खाली हॉलमध्ये यायचं. टॉर्च पहिला त्यांच्या हातात देऊ. त्यांना गायचं नसेल तर मागू देत, पण यानाला धक्का मारल्याशिवाय त्यांना सोडायचं नाही.

ह्यांचा रुमाल धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. पुढच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर लागेल. घरी लागणार नाही.

तुमची,
वहिनी